पाना उचलण्याआधी मोजा

गाडी तापली की आपल्याकडच्या गॅरेजात दोनच निकाल लागतात. एक तर ‘सेन्सर गेला’, नाहीतर ‘हेड गॅस्केट उडालं’. पहिला निकाल हजार-दोन हजारांत आटोपतो, दुसरा गिऱ्हाइकाचं कंबरडं मोडतो, आणि दोन्ही निकाल देणाऱ्यानं तोवर एकही आकडा घेतलेला नसतो. रेडिएटरमध्ये कूलंट किती उरलंय ते पाहिलेलं नसतं. पंखा किती अंशांना सुरू होतो हे तपासलेलं नसतं. सेन्सरच्या पिनांना मल्टिमीटर लागलेला नसतो. बॉनेट उघडायचं, वाफ बघायची, मान हलवायची आणि पार्टचं नाव सांगायचं. हे निदान नाही. हा अंदाजाचा धंदा आहे, आणि अंदाज चुकला तर त्याचे पैसे ज्यानं अंदाज केला तो भरत नाही, गाडीवाला भरतो.

मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, पुणे-सातारा रस्त्यावर, खंबाटकी घाटाच्या अलीकडे. साताऱ्याकडून पुण्याला येणाऱ्यांना बोगदा मिळाला, पण साताऱ्याकडे जाणाऱ्यांनी वर्षानुवर्षं घाटच चढलाय. जोडून सुट्ट्या आल्या की महाबळेश्वर, कोल्हापूर, कोकण धरून निघालेल्या गाड्यांची त्या चढावर रांग लागते. पहिला गिअर, एसी चालू, पाच माणसं, डिकी गच्च, आणि वेग पायी चालणाऱ्याइतका. अशा वेळी रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही. जे काय करायचं ते एकट्या पंख्यानं. मग कडेला बॉनेट वर करून उभ्या राहिलेल्या गाड्या दिसू लागतात. त्यातल्या कितीतरी गाड्या थोड्याच दिवसांपूर्वी ‘गरम होते’ म्हणून कुठल्या ना कुठल्या गॅरेजला जाऊन आलेल्या असतात. इंजिनावर नवा कोरा सेन्सर बसवलेला असतो. बिल डॅशबोर्डच्या कप्प्यात असतं. माझा संताप या बिलावर आहे.

कूलंटचं तापमान मोजणारा हा सेन्सर म्हणजे काय हे आधी सांगतो, कारण लोकांना ते ठाऊक नाही यावरच हा सगळा बाजार उभा आहे. पितळेच्या छोट्या नळीत बसवलेला तो एक थर्मिस्टर असतो. तो तापला की त्याचा रोध उतरतो. आपल्या रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांत २० अंशांना हा रोध अडीच हजार ओहमच्या आसपास असतो, ८० अंशांना तीनशेच्या घरात येतो आणि १०० अंशांना दोनशेच्याही खाली. इसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, सेन्सरच्या सर्किटला ५ व्होल्ट देतो, मध्ये स्वतःचा ठरावीक रोध ठेवतो आणि सेन्सरवर किती व्होल्ट पडतात त्यावरून तापमान काढतो. संपलं. यात हलणारा भाग नाही, घासणारा भाग नाही, कंपनीचं कुठलं गुपित नाही. एका पातेल्यात पाणी, त्यात थर्मामीटर आणि सेन्सर, पिनांना मल्टिमीटर. पाणी तापवत जा आणि रोध लिहीत जा. पाणी उकळेपर्यंत सेन्सर चांगला की वाईट याचा निवाडा होतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोराला मी सगळ्यात आधी हेच करायला लावतो. ज्याच्या दारावर ‘ऑटो इलेक्ट्रिशियन’ अशी पाटी आहे आणि ज्याला हे करता येत नाही, त्यानं पाटी उतरवावी.

आता स्कॅनर घ्या. गाडीला स्कॅनर लावला, पी०११८ हा कोड आला, लगेच दुकानात फोन गेला: सेन्सर पाठवून द्या. त्या कोडचा अर्थ एवढाच की सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज हवं त्यापेक्षा जास्त आहे. सर्किट म्हटलं की त्यात सेन्सर आला, कनेक्टर आला, दोन वायरी आल्या आणि अर्थिंग आलं. सेन्सरच खराब आहे असं तो कोड कुठेही म्हणत नाही. वायर तुटली तरी हाच कोड येतो. पिनेला हिरवा गंज चढला तरी हाच. उंदरानं वायर कुरतडली तरी हाच, आणि शेताकडेला किंवा सोसायटीच्या तळघरात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर ही रोजची गोष्ट आहे. सर्किट उघडं पडलं की इसीयूला तापमान उणे ४० अंश दिसतं. भर मे महिन्यात फलटणमध्ये उभ्या गाडीच्या स्कॅनरवर उणे ४० दिसतंय आणि फिटर त्याकडे बघून सेन्सरची ऑर्डर देतोय, असं मी डोळ्यांनी पाहिलंय.

याची चाचणी सांगतो, गाडीवाल्यानंही लक्षात ठेवावी अशी आहे. सेन्सरचा कनेक्टर काढा. स्कॅनरवर उणे ४० यायला हवं. मग कनेक्टरच्या दोन पिना एका वायरीच्या तुकड्यानं जोडा. आकडा एकदम वरच्या टोकाला, १२०-१३० च्याही पुढे उडायला हवा. दोन्ही गोष्टी झाल्या तर वायरिंग आणि इसीयू निर्दोष. आता सेन्सरवर संशय घ्या आणि पातेल्यात टाकून खात्री करा. यातलं एक जरी झालं नाही तर दोष सेन्सरच्या अलीकडे आहे आणि तुम्ही दहा सेन्सर बदललेत तरी तो जाणार नाही. चहा यायच्या आत होणारं काम आहे हे. एवढंही न करता जो पार्ट विकतो, तो चुकलेला नाही, त्यानं पैसे उकळले आहेत. मी त्याला दुसरं नाव देणार नाही.

याच्या उलट प्रकार आहे, आणि तो जास्त घातक. गाडी खरोखरच तापतेय, काटा लालकडे चाललाय, आणि फिटर सांगतो, “काही नाही साहेब, सेन्सर चुकीचं दाखवतोय, बिनधास्त चालवा.” या एका वाक्यानं किती इंजिनं मेली असतील! सेन्सरवर खोटेपणाचा आरोप करायचा तर तुमच्याकडे दुसरा आकडा असला पाहिजे. इन्फ्रारेड थर्मामीटर आज कुठेही मिळतो. थर्मोस्टॅटच्या घरावर तो रोखा, स्कॅनरचा आकडा शेजारी ठेवा, ताळा करा. पण तिथंही एक मेख आहे आणि ती फारच थोड्यांना माहीत असते: चकचकीत अॅल्युमिनियमवर हा थर्मामीटर खऱ्यापेक्षा पुष्कळ कमी आकडा दाखवतो. त्यावर काळी चिकटपट्टी लावायची, ती तापू द्यायची आणि पट्टीवर रोखायचं. अॅल्युमिनियमवर सरळ रोखून ‘बघा, सत्तरच आहे’ असं गिऱ्हाइकाला सांगणारे मी पाहिलेत. त्यातल्या एका गाडीचं इंजिन आतून शंभराच्या पुढे गेलेलं होतं.

आणखी एक प्रकार आहे ज्यात सेन्सर उत्तम, वायरिंग उत्तम, स्कॅनरवर एकही कोड नाही, आणि तरी इंजिन जळतं. कूलंट गळत गळत इतकं खाली येतं की सेन्सरचं टोक पाण्यात राहत नाही, हवेत किंवा वाफेत लोंबकळतं. पाणी जितकी उष्णता टोकापर्यंत पोहोचवतं तितकी हवा पोहोचवत नाही. सिलिंडर हेड भाजून निघत असतं आणि काटा खाली उतरत असतो. गाडीवाल्याला वाटतं, चला, थंड झाली. तो पुन्हा अॅक्सिलरेटर दाबतो. घाटात बंद पडलेल्या, टोचन करून आणलेल्या गाड्यांत हा किस्सा मी पुन्हा पुन्हा ऐकतो: “काटा तर खाली आला होता हो!” काटा खाली आला कारण तिथं मोजायला पाणीच उरलं नव्हतं. याची खूण ड्रायव्हरच्या सीटवरूनही कळते. हीटर लावून बघा. इंजिन तापलंय आणि हीटरमधून थंड हवा येतेय, तर हीटरच्या जाळीपर्यंत कूलंट पोहोचतच नाहीये. जागेवर थांबा, इंजिन बंद करा. त्यापुढचा एक किलोमीटरसुद्धा इंजिनाच्या किमतीचा आहे. अॅल्युमिनियमचं हेड एकदा वाकलं की फेसिंग करा, गॅस्केट बदला, ते पहिल्यासारखं राहील याची खात्री कुणी देत नाही. आणि अशी गाडी गॅरेजला गेली की तिथं पुन्हा ऐकायला मिळतं, सेन्सर खराब होता म्हणून दाखवलं नाही. हेडच्या बिलात एक सेन्सरही लागतो. कूलंट गेलं कुठं, हे मात्र कुणी शोधत नाही, म्हणून पुढच्या सुट्टीत तीच गाडी पुन्हा कडेला उभी असते.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याकडची एक जुनी हॅचबॅक माझ्याकडे टोचन करून आली. मालक शाळेत शिक्षक. सोबत बायको आणि वयस्कर सासरे, तिघंही उन्हानं हैराण. गाडी आधी एका गॅरेजला गेली होती, तिथं सेन्सर बदलला. तरी तापते म्हणून दुसरीकडे नेली, तिथल्यानं ‘पहिल्यानं डुप्लिकेट माल टाकला’ म्हणून पुन्हा सेन्सर बदलला. तिसऱ्यानं थर्मोस्टॅटच काढून टाकला.

“दादा, सेन्सर ओरिजिनल टाकलाय, बिल आहे माझ्याकडं,” ते म्हणाले.

“सर, बिल राहू दे. जुना सेन्सर परत दिला का तुम्हाला?”

“नाही. ते म्हणाले, भंगार घेऊन काय करणार तुम्ही.”

इंजिन पूर्ण गार झाल्यावर मी हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावला. रेडिएटर, होज पाइप, वॉटर पंप यांनी दाब नीट धरला. मग त्याच टेस्टरवर रेडिएटरची कॅप लावली. कॅपवर ०.९ बार छापलेलं होतं. ती त्याच्या निम्म्यापर्यंतही टिकली नाही. रबराचं सील चिरलेलं होतं. एवढाच दोष. काही शे रुपयांची कॅप. तीन गॅरेजांतल्या एकाही माणसानं ती हातात घेऊन उलटी करून बघितली नव्हती.

कॅप म्हणजे काय याची कल्पनाच लोकांना नसते. ती झाकण नाही, ती कुकरच्या शिट्टीचं काम करते. आत दाब धरून ठेवला की पाण्याचा उत्कलनबिंदू वर सरकतो. समुद्रसपाटीला साधं पाणी १०० अंशांना उकळतं, ०.९ बारची कॅप धडधाकट असेल तर तेच पाणी सुमारे ११८ पर्यंत उकळत नाही. निम्मं कूलंट, निम्मं पाणी असेल तर बिनदाबाचं मिश्रण १०७ च्या आसपास उकळतं आणि दाबाखाली १२० च्या बरंच पुढे जातं. आता सील चिरलेली कॅप घेऊन, नळाचं पाणी भरून कुणी पसरणी घाट चढायला घेतला तर काय होईल? महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास. तिथं उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. इंजिनाचं रोजचं कामाचं तापमान ९० च्या आसपास. म्हणजे हाताशी पाच अंशांची जागा. पंखा सुरू व्हायची वेळ येण्याआधीच पाणी उकळून कूलंटच्या बाटलीतून बाहेर पडायला लागतं. इथं सेन्सरचा काय संबंध? थर्मोस्टॅटचा काय संबंध? ज्या माणसाला उत्कलनबिंदू आणि दाब यांचं नातं माहीत नाही त्यानं कूलिंगच्या कामाला हात लावू नये. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातली गोष्ट आहे ही.

थर्मोस्टॅट काढून टाकणं हा तर महाराष्ट्रभर पसरलेला रोग आहे. ‘हा थंड देशांतला पार्ट, आपल्याकडं याची गरज नाही’ हे वाक्य नागपूरपासून सावंतवाडीपर्यंत कुठंही ऐका. धादांत खोटं आहे. थर्मोस्टॅटमध्ये मेण असतं. ते ठरावीक तापमानाला, बहुतेक गाड्यांत ८२ किंवा ८८ अंशांना, वितळून फुगतं आणि रेडिएटरकडे जाणारी वाट उघडतं. विदर्भात ४५ अंशांचा उन्हाळा असला तरी ४५ आणि ८८ मध्ये अंतर आहे. इंजिन ज्या तापमानाला चालायचं म्हणून बनवलंय तिथं ते लवकर पोहोचावं आणि तिथंच राहावं, यासाठी तो असतो. काढलात की हायवेवर इंजिन गारच राहतं, इसीयू त्याला अजून तापायचंय असं धरून जास्त पेट्रोल सोडतो, अॅव्हरेज पडतं, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, सिलिंडर झिजतात. यालाही कोड आहे, पी०१२८, आणि त्या कोडवरही सेन्सर बदलणारे महाभाग आहेत. बीएस ६ डिझेल गाडी असेल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी, साफ व्हायला इंजिन पुरतं तापलेलं लागतं; ते तापलंच नाही तर काजळीनं डीपीएफ तुंबतो आणि त्याचं बिल पाहून माणूस खाली बसतो.

आणि गंमत म्हणून कुणी हसू नये, पण तापणारी गाडी थर्मोस्टॅट काढल्यावर आणखी तापल्याचीही उदाहरणं आहेत. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटच्या मागच्या बाजूला दुसरी एक चकती असते. वाट उघडली की ती बायपासची वाट बंद करते, म्हणजे सगळं गरम पाणी रेडिएटरमधूनच जावं. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायम उघडा. अर्धंअधिक गरम पाणी रेडिएटरला न शिवताच इंजिनात परत फिरतं. चढावर अशी गाडी तापणार नाही तर काय होईल? थर्मोस्टॅटवर संशय असेल तर तोही पातेल्यात दोऱ्यानं लोंबकळत सोडा. त्याच्यावर आकडा छापलेला असतो. त्या आकड्याला तो उघडायला लागला तर परत बसवा, नाही उघडला तर नवा घाला. तिसरा पर्याय नाही.

‘फॅन डायरेक्ट’ करणारे माझ्याच धंद्यातले आहेत, त्यामुळे त्यांच्यावर मी जास्त चिडतो. पंखा लागत नाही म्हटलं की इग्निशनवरून एक वायर ओढायची आणि पंखा कायमचा चालू करून द्यायचा. रिले तपासायची नाही, फ्यूज बघायचा नाही, मोटरचे ब्रश बघायचे नाहीत, मंद वेगासाठीचा रेझिस्टर जळलाय का हे बघायचं नाही. सेन्सरमध्ये बिघाड दिसला की बऱ्याच गाड्यांचा इसीयू स्वतःच काळजी म्हणून पंखा कायम चालू ठेवतो. गाडी गार असताना किल्ली फिरवल्याबरोबर पंखा घोंघावायला लागला तर तो तुम्हाला निरोपच देतोय की सेन्सरचं सर्किट बघा. डायरेक्ट वायर ओढली की हा निरोप कायमचा बंद झाला. वर पंख्याला लागणारा करंट मोठा असतो. बारीक वायरीतून, फ्यूजशिवाय, बंपरमागून ओढलेलं असलं कनेक्शन मी वितळलेल्या अवस्थेत काढलेलं आहे. ती आग गाडीत माणसं बसलेली असताना लागते, हे ज्याला कळत नाही त्याच्या हातात वायर कटर असता कामा नये.

खरं निदान प्रश्नापासून सुरू होतं. गाडी कुठं तापते? सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये, घाटात हळू चालताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर गार होते? मग पंखा बघा, त्याची रिले बघा, रेडिएटरसमोरची जाळी बघा. बोलेरो-सुमोसारख्या पट्ट्यावर पंखा फिरणाऱ्या गाडीत पंख्याचा व्हिस्कस क्लच बघा. शहरात ठीक आणि हायवेला ऐंशी-शंभरवर तापते? मग पाण्याचा प्रवाह कमी पडतोय: रेडिएटर आतून क्षारांनी बुजलाय, पंपाची पाती झिजलीत किंवा खालचा होज पाइप आतल्या ओढीनं चपटा होतोय. इंजिन सुरू करून एक-दोन मिनिटांत, पाणी अजून गार असतानाच वरचा होज दगडासारखा घट्ट होतो? तर गॅस्केटचा संशय रास्त आहे, आणि तो संशय सिद्ध करायलाही साधन आहे. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावणाची नळी धरायची. सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात येत असेल तर निळं पिवळं होतं. नाही झालं तर हेड उतरवायचं नाही. पाच मिनिटांची ही चाचणी न करता हेड उतरवणारे गॅरेजवाले माझ्या माहितीत आहेत, आणि त्यांच्याकडे गर्दी असते.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट पाहायची असते. ऊस तोडणीच्या दिवसांत पाचटाचा भुसा, धूळ, किडे, सगळं एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत जाऊन बसतं. पुढून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते. वॉशिंग सेंटरवाला समोरून प्रेशर मारतो, त्यानं घाण आणखी आत ठासली जाते आणि पत्र्याच्या पातळ पात्या वाकतात, ते वेगळंच. पाणी इंजिनाच्या बाजूनं, बेतानं मारायचं असतं. नुसत्या एवढ्या कामानं गाड्या बऱ्या झालेल्या आहेत. पण असल्या कामाचे कुणी पैसे देत नाही, आणि इथं मला गाडीवाल्यांशीही भांडायचंय.

कारण हा बाजार तुम्हीही पोसलाय. मी तासभर वायरिंग उकलतो, गंजलेली एक पिन शोधतो, साफ करतो, नवीन टर्मिनल दाबतो आणि तपासणीचे पैसे सांगतो, तर तुम्ही म्हणता, “टाकलं तर काहीच नाही, मग एवढे कसले?” शेजारचा गॅरेजवाला दहा मिनिटांत सेन्सर, थर्मोस्टॅट, कॅप, होज असं सगळं बदलतो, चौपट बिल करतो, आणि ते तुम्ही मुकाट्यानं देता, कारण पार्ट डोळ्यांना दिसतो. शोधण्याच्या कामाला किंमत नाही आणि बदलण्याच्या कामाला आहे, अशी व्यवस्था तुम्ही केली, मग शिकणारं पोरगं काय शिकणार? आयटीआयमधून ओहमचा नियम पाठ करून आलेला मुलगा वर्षभरात मल्टिमीटर कोपऱ्यात टाकतो आणि फोनवर पार्ट मागवायला शिकतो. तो बिघडला नाही, त्याला बिघडवलं गेलं.

शिवाय कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरता ते तुम्हीच. आमच्याकडचं बोअरचं पाणी इतकं जड असतं की रेडिएटरच्या बारीक नळ्यांत खडूसारखा थर बसतो आणि अॅल्युमिनियमला आतून गंज लागतो. तापलेल्या गाडीची कॅप ओलं फडकं धरून उघडता तेही तुम्हीच. दाबाखालचं शंभराच्या वरचं पाणी कॅप सैल झाल्याबरोबर वाफ होऊन चेहऱ्यावर येतं. थांबा. अर्धा तास, तास लागेल, लागू दे. महाबळेश्वर कुठं जात नाही.

आणि गाड्या बनवणाऱ्यांनाही सोडायचं कारण नाही. १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० च्या साध्यासुध्या डॅशबोर्डवरही तापमानाचा काटा होता. आज त्याच्या कितीतरी पट किमतीच्या गाड्यांत तो काटा नाही. गाणी लावायला हातभर पडदा आहे, रंग बदलणारे दिवे आहेत, आणि इंजिनाच्या तापमानासाठी एक लाल दिवा, जो इंजिन तापून गेल्यावर लागतो. काही गाड्यांत काटा आहे, पण तो शांत ठेवलेला आहे: साधारण ७५ पासून १०५ अंशांपर्यंत काहीही झालं तरी बरोबर मध्यावर उभा. गिऱ्हाइकानं काटा हलताना बघून तक्रार करू नये म्हणून ही सोय. तीस अंशांचा फरक मालकापासून लपवणाऱ्या काट्याला मापक म्हणता येत नाही. तो हलतो तेव्हा वाचवायला फारसं काही उरलेलं नसतं.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट ही की आकडा गाडीत आहेच. ओबीडीच्या, म्हणजे स्कॅनर लावतात त्या, सॉकेटवर कूलंटचं तापमान अंशाअंशानं उपलब्ध असतं. आपल्याकडे २०१३ पासून ओबीडी २ लागू झाल्यावर तर ते वाचायची एकच ठरलेली पद्धत आहे. हजारभर रुपयांचं ब्लूटूथ यंत्र लावलं की तो आकडा मोबाइलवर दिसतो. मी माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते घ्यायला लावतो. म्हणजे मोजमाप झालेलं आहे, वायर आहे, पडदा आहे, फक्त मालकाला दाखवायचं नाही. त्यासाठी एका स्क्रूचाही खर्च नाही, सॉफ्टवेअरमधली एक ओळ आहे. ती घालायला नकार देणं हा खर्चाचा प्रश्न नाही, मालकाला अडाणी ठेवण्याचा निर्णय आहे.

माझं मागणं साधं आहे आणि ते मी माझ्या गॅरेजात पाळतो. तापणारी गाडी आली की बिलावर पार्टच्या आधी आकडे लिहिले जातात: पंखा सुरू झाला तेव्हाचं तापमान, बंद झाला तेव्हाचं, वरच्या आणि खालच्या होजचं, कॅपनं धरलेला दाब, सेन्सरचा गार आणि गरम रोध. दुरुस्तीनंतर तेच आकडे पुन्हा. काढलेला पार्ट पिशवीत घालून मालकाच्या हातात. कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डावर पॉलिश, परफ्यूम आणि सीट कव्हरचे रकाने छापलेले असतात. हे आकडे लिहायलाही रकाने छापा. गाडीवाल्यांनो, तोवर आकडे नसलेल्या बिलावर सही करू नका, आणि तपासणीचे पैसे मागणाऱ्या माणसाला ते वेगळे द्या.